गाडीच्या पोटातला गुबारा

पणदऱ्याहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. एरवी या सदराकडे लोणच्याला बुरशी का येते, शेगडीची ज्योत पिवळी का होते अशा शंका येतात. ही शंका मात्र मोटारीची आहे. यजमान पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतात. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला न्यावे लागते आणि गाडी चालवून नेण्याचे काम या बाईच करतात. दीड महिन्यापूर्वी रेडिएटर गळू लागला म्हणून नवा बसवून घेतला, आणि तेव्हापासून गाडीचा भरवसा उडाला. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची वेळ आली की तापमानाचा काटा झरकन वर चढतो. घाबरून गाडी बाजूला घ्यावी तोवर तो आपोआप खाली येतो. मधूनच डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. खाली फरशीवर थेंब नाही, की बाटलीतले पाणी फारसे कमी झालेले नाही. एका गॅरेजात सांगितले, वॉटर पंप बदला. दुसऱ्याने सांगितले, हेड खोलून पाहावे लागेल. त्या विचारतात, एवढ्या खर्चात पडण्याआधी घरच्या घरी काही करून पाहता येईल का?

येईल, आणि आधी तेच करावे. पत्रात ‘खळखळ’ हा जो शब्द आहे ना, त्यातच निम्मे निदान आहे. भरलेली कळशी हलवली तर आवाज होत नाही, अर्धी असली की होतो. रेडिएटर बदलताना आतले सगळे पाणी काढून टाकलेले असते. नवे भरताना घाई झाली की हवा आतच कोंडते. लहान मुलाच्या पोटात गुबारा धरतो तसाच हा प्रकार. ऊसवाल्यांच्या घरात तर हे नवीन नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार फिरते पण पाणी चढत नाही, हे आपण पाहिलेले असते. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की स्वयंपाकघरातला नळ आधी खोकतो, फसफसतो आणि मग धार धरतो, तेही हेच.

आता ही हवा आत राहिली तर एवढे बिघडते काय, ते समजून घेऊ. नीट समजले की मग हात घाबरत नाहीत.

इंजिनाच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या अंगात पाण्याच्या पोकळ वाटा असतात. तिथले तापलेले पाणी वॉटर पंप ढकलतो, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन वाऱ्याने निवते आणि परत येते. मध्ये एक दार असते, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. त्यात मेणाची छोटीशी कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. इंजिन गार असताना पाणी आतल्या आत फिरते आणि लवकर तापते, पुरेसे तापल्यावर रेडिएटरकडे जाते, अशी ती सोय आहे.

या वाटेत हवेचा मोठा बुडबुडा अडकला म्हणजे तीन गोष्टी होतात. पंपाच्या पात्याला पाणी ढकलता येते, हवा नुसती दबते, त्यामुळे प्रवाह तुटतो. थर्मोस्टॅटच्या मेणाला गरम पाण्याचा स्पर्शच होत नाही, म्हणून दार उघडायला उशीर होतो. मग एकदम उघडते, गार पाण्याचा लोंढा येतो आणि काटा खाली येतो. आपल्या पणदऱ्याच्या भगिनींना दिसते ते हेच. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. बुडबुडा इंजिनाच्या माथ्याशी बसला तर तेवढ्या जागेला पाणीच नाही. रिकामे पातेले गॅसवर ठेवल्यावर त्याचे जे होते तेच तिथल्या धातूचे होते. ॲल्युमिनियमचे हेड वाकते, त्याखालचे गॅसकेट जळते, आणि मग खरोखरच हेड खोलायची पाळी येते. म्हणजे दुसऱ्या गॅरेजवाल्याचे म्हणणे आज चुकीचे असले, तरी हयगय केली तर ते खरे व्हायला वेळ लागत नाही.

काट्याबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण पुष्कळ जणी इथे फसतात. काटा दाखवतो तो त्याच्या सेन्सरला जे लागते त्याचे तापमान. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच आकडा खरा. तो हवेत उघडा पडला तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली जाऊ शकतो. म्हणून वर चढलेला काटा अचानक ‘सी’कडे पडला तर ‘बरे झाले, निवली’ असे समजून गाडी दामटू नये. गाडी थांबवावी. आजकालच्या पुष्कळ गाड्यांना तर काटाच नसतो, गार इंजिनाचा निळा दिवा आणि तापल्याचा लाल दिवा एवढेच. त्यात लाल लागतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. काटा असलेल्या गाडीचा मान राखावा तो यासाठी.

जुन्या गाड्यांना हा त्रास फारसा नव्हता. त्यांचा रेडिएटर उंच, झाकण सगळ्यात वर, त्यामुळे हवा वर चढून आपसूक निघून जाई. घाटात एस.टी. तापली की ड्रायव्हर बॉनेट उघडून, झाकणावर ओले गोणपाट टाकून उभा राहिलेला दिसायचा, तो देखावा पन्नाशीपुढच्या बायकांना आठवत असेल. पुढे गाड्यांची नाके ठेंगणी झाली. रेडिएटर खाली गेला, आणि गाडीत उबेसाठी जो हीटर असतो त्याच्या नळ्या त्याहून उंच राहिल्या. हवा नेहमी उंच जागा धरते. मग ती बसते हीटरच्या नळ्यांत, अगदी आपल्या गुडघ्यांसमोर. डॅशबोर्डमागची खळखळ ती हीच. सौर बंब घेतलेल्या घरांनी गच्चीवर जाऊन पाहावे. टाकीवर एक उघडी उभी नळी असते, ती हवा जाण्यासाठीच असते.

आता सर्वांत मोठी सूचना, आणि ही मात्र दोनदा वाचा. गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही. ओल्या फडक्याने धरून नाही, अर्धे फिरवून ‘वाफ जाऊ दे’ म्हणून नाही, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचे झाकणच आहे. त्यालाही रबरी रिंग असते, त्यालाही ठरावीक दाबाला उघडणारा व्हॉल्व्ह असतो. घरच्या कुकरचा दाब साधारण १ किलोचा आणि आत पाणी १२० अंशांच्या आसपास. लहान गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचाच. म्हणजे आतले साधे पाणी ११८-१२० अंशांना जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब पडतो, आणि इतका वेळ न उकळलेले पाणी एका क्षणात उकळून अंगावर उसळते. वाफ भरलेला कुकर आपण कधी जबरदस्तीने उघडतो का? मग इथे का उघडावा? दुर्दैवाने चेहरा आणि छाती भाजल्याची उदाहरणे अशाच घाईतून होतात. भाजलेच तर २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली जागा धरावी, बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढाव्यात, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये आणि दवाखाना गाठावा.

हवा काढायचे काम सकाळी करायचे, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याला हात लागत नाही, तेव्हा दुपारचा विचारच नको. डायलिसिसच्या दिवशीही हा प्रयोग नको. तीन सकाळी मोकळ्या मिळतील असा आठवडा निवडावा आणि तेवढ्यात सासऱ्यांसाठी दुसऱ्या गाडीची सोय सांगून ठेवावी.

आधी आपली तयारी. साडी असेल तर पदर घट्ट खोचावा, ओढणी काढून ठेवावी, वेणीचा अंबाडा घालावा. हे उगीच सांगत नाही. रेडिएटरमागचा पंखा विजेवर चालतो, आणि काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होतो. त्याला पदर की वेणी, काही कळत नाही. मुलांना लांब ठेवावे. गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नये, अंगणात घ्यावी, कारण धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

गाडीचे तोंड वर हवे. बाळाला पाजल्यावर आपण खांद्यावर उभे धरतो, म्हणजे हवा वर येऊन ढेकर निघते. इथेही तेच. पुष्कळ घरांच्या फाटकापाशी रस्त्यावरून अंगणात चढणारा छोटा चढ असतो. गाडी आत तोंड करून त्या चढावर उभी केली की पुढचा भाग वर येतो. हँडब्रेक पक्का ओढावा आणि मागच्या चाकांच्या मागे मोठे दगड लावावेत. पुढची चाके विटांवर चढवू नयेत, विटा फुटतात. कालव्याच्या भरावावर चढ छान मिळतो म्हणून तिकडेही जाऊ नये, ब्रेक सुटला तर गाडी सरळ पाण्यात. चढ नाहीच मिळाला तर सपाटीवरही काम होते, एखादी सकाळ जास्त लागते इतकेच.

भरायचे काय, हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. बोअरचे पाणी मुळीच नको. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला, माळरानाला ऊस दिसला, पण पाणी फार झाल्याने कालव्याखालच्या कित्येक जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, हे पणदऱ्याला मी सांगायला नको. तेच क्षार विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतात. चहाच्या पातेल्याला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा खर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, फरक एवढाच की तिथे चिंचेने घासता येत नाही. नुसते साधे पाणी गंजही आणते. म्हणून कूलंटच वापरावे. तयार मिसळलेले मिळते तर ते तसेच ओतावे. घट्ट मिळाले तर बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळावे. अशा निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदूही साध्या पाण्यापेक्षा ६-७ अंशांनी जास्त असतो. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपन्यांनी दिलेले आहेत. रंग सारखा म्हणून माल सारखा असे नसते, तेव्हा गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा, आणि आत कोणता आहे ते नव्या रेडिएटरच्या बिलावर पाहावे.

एक इशारा मात्र लक्षात असू द्या. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास जीवघेणे विष आहे, मूत्रपिंडावरच घाला घालते. सरबताच्या किंवा तेलाच्या जुन्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे, कुत्री-मांजरे चाटतात. काढलेले जुने कूलंट ओढ्यात किंवा गोठ्याच्या गटारात ओतू नये, डब्यात बंद करून गॅरेजला द्यावे.

आता झाकण. बॉनेट उघडून आधी पाहा की गाडी कुठल्या जातीची आहे. रेडिएटरवरच धातूचे झाकण असेल आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला साधे दाबून बसणारे टोपण असेल, तर ती पहिली जात. रेडिएटरवर झाकणच नाही आणि बाटलीलाच आट्यांचे जाड झाकण असून त्यावर ‘गरम असताना उघडू नये’ अशी खूण असेल, तर ती दुसरी जात. दुसऱ्या जातीत दाब बाटलीतच असतो आणि बारीक नळीने हवाही बाटलीतच येऊन सुटते. तिथे बाटलीत गार असताना ‘मॅक्स’ रेषेपर्यंत भरायचे.

पहिल्या सकाळी गाडी पूर्ण गार असताना हीटरची कळ पूर्ण लाल बाजूला फिरवावी. बारामतीकडे हीटर कोणी लावत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे निळ्यावरच असते. काही गाड्यांत या कळीने हीटरच्या नळीतला व्हॉल्व्ह उघडतो. तो बंदच राहिला तर तिथली हवा बाहेर पडणार कुठून? मग झाकण उघडून कूलंट अगदी बारीक धारेने ओतावे. बाटलीत तेल ओतताना आपण नरसाळे जरा उचलून धरतो, नाहीतर हवा कोंडून तेल उलटते. तीच काळजी इथे. थोडे ओतावे, थांबावे, वरचा जाड रबरी पाइप हाताने दाबून सोडावा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा ओतावे. पाइपच्या माथ्याशी किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ छोटा पितळी अथवा प्लॅस्टिकचा स्क्रू असतो का, ते पुस्तकात पाहावे. असेल तर तो हवा सोडण्यासाठीच दिलेला आहे. दोन आटे सैल करावा, फसफस थांबून अखंड धार आली की हलक्या हाताने बंद करावा. प्लॅस्टिकचा असेल तर फार आवळू नये, तुटतो.

किती ओतले ते मोजा. हे गॅरेजातही फारसे कोणी करीत नाही, पण आपल्याला मापाची सवय असते. लिटरची बाटली घ्यावी आणि कागदावर लिहीत जावे. लहान गाडीत एकूण साधारण ४ ते ५ लिटर मावते, नेमका आकडा पुस्तकात असतो. रेडिएटर बदलल्यावर साडेचार लिटर मावायला हवे होते आणि बिलावर तीनच लिटर कूलंट लिहिले असेल, तर उरलेल्या जागेत काय भरले आहे हे वेगळे सांगायला नको. आपल्या भगिनींनी ते बिल आधी काढून पाहावे.

काठोकाठ भरले की झाकण नीट बसवावे, बाजूच्या बाटलीत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ यांच्या मध्ये भरावे आणि गाडी जागेवरच सुरू करावी. गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. एसी बंद. पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावी आणि काट्यावरून नजर हलवू नये. काटा नेहमीच्या जागेवर येऊन स्थिरावला आणि पंखा एकदा लागून बंद झाला, की इंजिन बंद करावे. मध्येच काटा लाल खुणेकडे निघाला तर लगेच बंद. मग झाकणाला हात न लावता घरात जावे आणि आपली कामे करावीत.

गंमत पुढे आहे. इंजिन तापताना आतले पाणी फुगते, दाब वाढून झाकणाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाण्याबरोबर हवाही बाजूच्या बाटलीत ढकलली जाते. तिथे बुडबुडे वर येऊन हवा सुटते. गाडी निवताना आत पोकळी होते आणि झाकणाचा दुसरा छोटा व्हॉल्व्ह बाटलीतले नुसते पाणी परत आत ओढतो. गेली हवा, आले पाणी. प्रत्येक तापण्या-निवण्यात थोडी थोडी हवा अशी निघून जाते. म्हणून बाटली कधी रिकामी राहू देऊ नये, नाहीतर पाण्याऐवजी हवाच परत ओढली जाईल. झाकणाची रबरी रिंग कडक किंवा चिरलेली असेल तर हा सारा खेळ बंद पडतो. कुकरची रिंग आपण बदलतो तसे हे झाकणही बदलावे, त्याच दाबाचे.

दुसऱ्या सकाळी गार गाडीचे झाकण उघडून पाहावे. पातळी खाली गेलेली असेल तर घाबरू नका. तेवढी हवा निघाली असाच त्याचा अर्थ. भरावे, मोजावे, पुन्हा तापवावे, निववावे. तिसऱ्या सकाळी बहुधा घोटभरच लागते. खळखळ थांबते, आणि हीटर लावून पाहिला तर गरम वारा येतो. आधी तोच हीटर काटा वर असतानाही गार वारा देत असेल, तर त्याच्या नळ्यांत पाणी नव्हते हे सिद्धच झाले.

फिटर लोक झाकण उघडे ठेवून इंजिन चालवतात आणि अर्ध्या तासात काम उरकतात. ती रीत चूक नाही, पण त्यात तापलेले पाणी उसळते आणि तोंड जवळ असते. ज्याचा हात रोज त्यात असतो त्याने करावी. आपल्याला तीन सकाळी घालवून चेहरा शाबूत ठेवणे परवडते. हायब्रीड आणि विजेच्या गाड्यांतही कूलंट असते, पण त्यातली हवा विजेचा पंप यंत्राने चालवून काढावी लागते. तिथे घरगुती उपाय नको.

आता हवा नसून खरोखर दुखणे असेल तर ते कसे ओळखायचे? तीन सकाळी झाल्या तरी रोज पाणी कमीच होत आहे, मग कुठेतरी गळती आहे. पायाखालची चटई ओली आणि गोडसर वास येत असेल तर हीटरच गळतो आहे. गार इंजिन सुरू करताच झाकणाशी बुडबुडे अखंड येत राहतात, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर थांबत नाही, किंवा तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल ताकासारखे पांढुरके दिसते, तर गॅसकेट गेले आहे. ती गाडी चालवू नये, ओढून न्यावी. हवा निघाली, पातळी टिकते, तरी काटा चढतोच, मग पंप, थर्मोस्टॅट आणि पंखा यांची पाळी. पण तेव्हा गॅरेजात जाऊन ‘हवा काढली आहे, इतके लिटर मावले, तीन दिवस पातळी हललेली नाही’ असे सांगता येते. असे सांगणाऱ्या बाईला कोणी उगीच पंप बदलायला सांगत नाही.

तोवर रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंख्याची कळ शेवटपर्यंत फिरवावी, काचा खाली घ्याव्यात. मेच्या उन्हात अंगाची लाही होईल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो काढून घेतो. तरी काटा उतरला नाही तर सावली पाहून थांबावे, इंजिन बंद करावे, पाऊण-एक तास तसेच बसावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या भांड्यावर पाणी पडल्यावर काय होते ते आपण जाणतो.

पत्राच्या शेवटी विचारले आहे की घरचा ट्रॅक्टरही गळीत हंगामात तापतो, त्यालाही हाच उपाय चालेल का. ट्रॅक्टरचा रेडिएटर उंच असतो, झाकण माथ्यावर असते, म्हणून त्यात हवा सहसा अडकत नाही. त्याची पुढची जाळी पाहावी. उसाचे पाचट, धूळ आणि किडे बसून ती बुजलेली असते आणि वाराच आत जात नाही. इंजिन गार झाल्यावर मऊ ब्रशने झाडून घ्यावी आणि पाण्याची हलकी धार मारावी. धार इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायची, पुढून मारली तर कचरा आणखी आत रुतून बसतो.